आधी कान, मग कागद

गिटार घेतलेल्या बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. एखादं गाणं आवडलं की फोनवर त्याचं नाव टाकायचं, पुढे 'कॉर्ड्स' लिहायचं, जो पहिला कागद समोर येईल तो उघडायचा आणि शब्दांच्या डोक्यावर छापलेली अक्षरं बघत हात चालवायचे. अर्ध्या-पाऊण तासात गाणं वाजायला लागतं. पण महिनाभराने फोन बाजूला ठेवून तेच वाजवा म्हटलं, तर दुसऱ्या ओळीवर हात अडतो. गाणं डोळ्यांनी वाचलेलं असतं, कानात ते शिरलेलंच नसतं.

अशा सगळ्यांना माझी विनंती आहे. पुढचं एक गाणं कानाने बसवा. एकच. कागद न उघडता, व्हिडिओ न बघता, नुसतं ऐकून. आठवडा लागला तरी हरकत नाही. पहिले दोन दिवस काहीच हाताला लागत नाही असं वाटेल, तेव्हाही कागद उघडू नका.

'आम्हाला कुठे स्वरज्ञान आहे?' हे उत्तर लगेच येतं, म्हणून आधी त्याचंच बोलतो. भजनी मंडळातला पेटीवाला तुम्ही पाहिला असेल. कुणीतरी अभंग उचलतो, कोणत्या पट्टीत उचलणार हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. पेटीवाला दोन-तीन पट्ट्या चाचपतो, एक धरतो आणि दुसऱ्या ओळीपासून बरोबर चालू लागतो. त्याच्यासमोर कागद नसतो. पुष्कळदा त्याला स्वरलिपी वाचताही येत नाही. हा माणूस आपल्यातलाच आहे आणि त्याने हे नुसतं ऐकून आणि चाचपून कमावलेलं आहे. आरतीत कुणी बेसूर गेलं की तुमची मान आपोआप वळते ना? मग फरक तुम्हाला ऐकू येतो. त्या फरकाला बोटांशी जोडायचं, एवढंच काम उरतं. नुसता आवाज ऐकून त्या स्वराचं नाव सांगता येण्याची दुर्मीळ शक्ती यासाठी लागत नाही. आपल्याकडचे गवईसुद्धा सा कुठेही धरतात आणि बाकीचे स्वर त्याच्या नात्याने ओळखतात. गिटारवर गाणं बसवताना नेमकं हेच करायचं असतं.

कोणत्या गाण्याने सुरुवात करता, याला महत्त्व आहे. मोठ्या वाद्यमेळाच्या सिनेमातल्या गाण्याने करू नका. तिथे गिटार नेमकी कुठे आहे हे शोधण्यातच जीव जातो. फोक-रॉक घ्या. १९६५च्या आसपास अमेरिकेत हा प्रकार आकाराला आला. लोकगीतांच्या वळणाची, एका लाकडी गिटारवर रचलेली गाणी आणि त्यांना मागून इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम्सची साथ. बॉब डिलनचं 'मिस्टर टॅम्बरीन मॅन' द बर्ड्स या गटाने त्या वर्षी बारा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारवर घेतलं आणि जूनमध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. या गाण्यांमध्ये गळा पुढे असतो, कॉर्ड्स बहुधा चार-पाच असतात आणि एक कॉर्ड बराच वेळ टिकते. शिवाय ती ज्या वाद्यावर जन्मली ते वाद्य तुमच्या मांडीवरच्या वाद्यासारखंच आहे. त्यामुळे जे ऐकू येतं ते तुमच्या हाताला शक्य असतं.

माझी शिफारस सायमन आणि गारफंकेल यांच्या 'द साउंड ऑफ सायलेन्स'ची. कारण या गाण्याच्या इतिहासानेच आपल्यासाठी एक सोय करून ठेवली आहे. पॉल सायमनने लिहिलेलं हे गाणं १९६४ साली या दोघांच्या पहिल्या अल्बममध्ये आलं, तेव्हा त्यात दोन गळे आणि लाकडी गिटार, एवढाच ऐवज होता. अल्बम खपला नाही, दोघं पांगले, सायमन इंग्लंडला गेला. १९६५च्या जूनमध्ये निर्माता टॉम विल्सन याने त्याच जुन्या ध्वनिमुद्रणावर इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम्स चढवले, तेही या दोघांना न विचारता. तेच रूप जानेवारी १९६६मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. म्हणजे एकाच गायनाची, एकाच गिटारची दोन ध्वनिमुद्रणं आज आपल्याला मिळतात, एक उघडं आणि एक सजवलेलं. बसवायला १९६४चं उघडं घ्या. तेही नीट पाहून घ्या, कारण फोनवर शोधलं की आधी १९६६चं प्रसिद्ध रूपच पुढे येतं. ड्रम्स ऐकू आले तर ते आपल्या कामाचं नाही.

गिटार अजून हातात घेऊ नका. इअरफोन लावा. फोनच्या स्पीकरवर बसवायला बसू नका, त्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत आणि आपल्याला सगळ्यात जास्त गरज त्यांचीच आहे. गाणं पूर्ण ऐका, पुन्हा ऐका, मग सोबत गुणगुणा. शब्द यायला हवेतच असं नाही. चाल तोंडात बसली पाहिजे. तोंडात न बसलेली चाल बोटांना सापडत नाही.

आता सा शोधायचा. गाणं जिथे संपतं, जिथे पुढे काही यायला हवं असं वाटत नाही, तो स्वर गळ्यात धरा. गाणं बंद करा आणि तो स्वर तसाच लांबवा. मग गिटारची पाचवी तार, जाडीकडून दुसरी, ती मोकळी छेडा. तुमचा स्वर वर आहे की खाली? वर असेल तर एकेक फ्रेट चढत चला. स्वर अगदी जवळ आला की दोन आवाजांच्या मध्ये एक थरथर ऐकू येते आणि मिळाला की ती थरथर विरून जाते. ही थरथर फार उपयोगी आहे. 'मिळाल्यासारखं वाटतंय' आणि 'मिळालं' यांतला फरक तीच सांगते. इथे एक अडचण येऊ शकते. आपण ज्या सप्तकात गातो ते आणि तार ज्या सप्तकात बोलते ते वेगळं पडलं की गोंधळायला होतं. अशा वेळी स्वर न बदलता वरच्या-खालच्या सप्तकात गाऊन पाहा, एक ठिकाण मिळून जाईल.

'साउंड ऑफ सायलेन्स'चा सा तुम्हाला पाचव्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर मिळेल. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी पेटीवर पडताळून पाहावं, ती काळी दोन आहे. ज्यांच्या फोनवर तानपुऱ्याचं ॲप आहे त्यांना आणखी एक रस्ता आहे. तानपुरा लावा, गाणं सुरू करा आणि एकेक पट्टी बदलत जा. चुकीच्या पट्टीत दोन्ही आवाज एकमेकांना टोचत राहतील. काळी दोनवर आलात की गाणं तानपुऱ्यात बसेल. आपल्या माणसांचा कान या कामात आधीच तयार असतो, त्याचा उपयोग गिटारसाठी कुणी करत नाही याचं मला वाईट वाटतं.

इथे नवशिक्या घाबरतो. काळी दोन म्हणजे डी शार्प, आणि डी शार्प मायनरची कॉर्ड गिटारवर धरायची म्हणजे आडवं बोट टाकून आख्खी पट्टी दाबायची. सगळं गाणं असं धरून वाजवायचं तर मनगट बोलायला लागेल. पण गाणं ऐका. गिटारच्या तारा कशा मोकळ्या वाजताहेत बघा. कॉर्ड बदलतानाही एखादी तार मागे गुंजत राहते. पट्टी दाबून धरलेल्या कॉर्डमध्ये असं होत नाही, बोट उचललं की सगळ्या तारा एकदम मुक्या होतात. म्हणजे वादकाने मोकळ्या तारांचे सोपे आकार वापरले आहेत आणि पट्टी चढवायला कॅपो लावला आहे. कुठे लावला असेल? पाचवी तार मोकळी वाजवली की ए मिळतो आणि आपला सा तिच्याच सहाव्या फ्रेटवर सापडला. कॅपो सहाव्या फ्रेटला लावा, ए मायनरचा साधा आकार धरा, छेडा. गाणं आणि गिटार एका आवाजात बोलायला लागतील. सायमनची गिटार अशीच वाजते. आवाजाचा पोतही साक्ष देतो, एवढ्या वर कॅपो लावला की गिटारचा घुमारा कमी होतो आणि तारा काहीशा काचेसारख्या लखलखीत बोलतात. कॅपो कमी-जास्त ठिकाणी लावून तोच ए मायनर वाजवून पाहा, कान हा फरक लवकर शिकतो.

कॅपो नसेल तरी काम अडत नाही. पट्टीचा विचार सोडून द्या, गाणं सरगममध्ये बसवा आणि ए मायनरमध्ये वाजवा. ध्वनिमुद्रणाच्या सोबत वाजवता येणार नाही इतकंच.

यापुढचं सगळं काम बेसवर चालतं, म्हणजे कॉर्डच्या तळाच्या स्वरावर. नव्या माणसाचा कान गळ्यामागे धावतो. त्याला खाली उतरवावं लागतं. गाणं लावा, शब्द आणि चाल सोडून द्या, अंगठा छेडत असलेली जाड तार ऐका. ती बदलली की टाळी वाजवा. कुठे बदलली एवढंच, काय वाजलं ते आत्ता नको. एका कडव्यात टाळ्या कुठे पडतात हे पक्कं झालं की अर्धं काम झालं, कारण कॉर्ड बदलण्याच्या जागा सापडल्या. मग प्रत्येक टाळीला तळाचा स्वर गुणगुणा आणि सा शोधला तसाच तो जाड तारांवर शोधा.

या गाण्याचं कडवं असं उलगडतं. सुरुवात घरात, म्हणजे सा वर. पहिली ओळ संपता संपता तळ एक पायरी खाली सरकतो, कोमल नी वर. दुसऱ्या ओळीच्या शेवटी परत सा. मग मधल्या ओळींमध्ये तळ कोमल ध आणि कोमल ग यांच्यात ये-जा करत राहतो. कडव्याच्या अखेरीला कोमल नी वरून पुन्हा घरी. पेटीवर हेच काळी दोन, काळी एक, पांढरी सात आणि काळी तीन असं दिसेल. कॅपोच्या वर तुमच्या बोटांखाली त्यांचे आकार होतात ए मायनर, जी, एफ आणि सी. चारच कॉर्ड्स. आख्खं गाणं त्यांच्यावर उभं आहे.

तळाचा स्वर मिळाला म्हणजे कॉर्ड मिळाली असं मात्र नाही. त्याच तळावर मेजरही बसते आणि मायनरही. दोघींत एका स्वराचा फरक आहे. सा-ग-प हे तीन स्वर एकत्र वाजवले की मेजर, त्यातला ग कोमल केला की मायनर. ज्यांनी शाळेत किंवा क्लासमध्ये थोडीफार सरगम घोकली आहे त्यांनी हे तीन स्वर गाऊन पाहावेत, शुद्ध ग घेऊन एकदा, कोमल घेऊन एकदा. मग गाण्यातली कॉर्ड लावा आणि तिच्यावर दोन्ही ग गाऊन पाहा. एक विरघळेल, दुसरा खुपेल. 'मायनर म्हणजे दुःखी, मेजर म्हणजे आनंदी' हे जे सांगतात त्यावर फार विसंबू नका. या गाण्यात चारांपैकी तीन कॉर्ड्स मेजर आहेत आणि गाणं अजिबात आनंदी नाही.

ए मायनर आणि सी यांच्यात पुष्कळजण फसतात. त्याला कारण आहे, दोघींचे तीनपैकी दोन स्वर सारखेच आहेत. कान म्हणतो हीपण चालते, तीपण चालते. तेव्हा गळ्यात सा धरून ठेवा आणि कडवं त्याच्यावरून जाऊ द्या. ए मायनरवर तुमचा सा निवांत बसेल. एफवरही बसेल, कारण एफच्या पोटात तो आहे. जी आणि सी वर तो जरासा घासेल. घासतोय की बसतोय, हे ऐकायला शिकलात की चार कॉर्ड्स आपोआप दोन गटांत पडतात, आणि प्रत्येक गटातून एक निवडायला तळाचा स्वर पुरेसा होतो. ही युक्ती पुढच्या प्रत्येक गाण्याला उपयोगी पडेल.

कॉर्ड्स बसल्या असं वाटलं की चालीकडून पडताळा घ्या. पहिली ओळ सा वरून निघते, कोमल ग वरून प ला जाते आणि म वर येऊन थांबते. दुसरी ओळ हीच आकृती जशीच्या तशी एक पायरी खाली घेते, कोमल नी वरून निघून कोमल ग वर विसावते. आता पाहा, पहिली ओळ म वर थांबते तेव्हा खाली जी आहे, आणि जीच्या पोटात तो म आहे. दुसरी कोमल ग वर थांबते तेव्हा खाली ए मायनर आहे, आणि त्यातही तो कोमल ग आहे. ओळ ज्या स्वरावर ठेवलेली असते, तो स्वर बहुतेक वेळा खालच्या कॉर्डमध्ये असतोच. तुमच्या कॉर्डमध्ये तो सापडला नाही तर शंका घ्या. गाण्याचे स्वर मांडून पाहिलेत तर ग, ध, नी कोमल, म्हणजे आसावरी थाटाची मांडणी दिसेल. राग आसावरी मात्र यात शोधू नका, तो वेगळा विषय आहे.

उजव्या हाताबद्दल थोडक्यात सांगतो. अंगठा तळाची तार छेडतो, बाकीची बोटं वरच्या तारा एकेक करून उचलतात. आधी नुसता अंगठा गाण्याच्या सोबत चालवा, बोटं नंतर येतील. तंतोतंत तीच तार तेव्हाच वाजली पाहिजे असा हट्ट पहिल्या आठवड्यात नको. आणि मेट्रोनोमशी गाणं जुळेना म्हणून स्वतःच्या हाताला दोष देऊ नका. १९६४च्या त्या ध्वनिमुद्रणाची लय मुळातच जरा मागेपुढे होते. पुढच्या वर्षी ड्रम्स चढवायला आलेल्या वादकांनाही तिच्यासोबत चालणं जड गेलं होतं. मेट्रोनोम बंद करा आणि गायकाच्या श्वासाबरोबर चाला.

अवघड जागेला गाणं सावकाश करायला लाजू नका. यूट्यूबवर वेग पाऊणपट किंवा अर्धा करता येतो आणि पट्टी तशीच राहते. ही सोय जुन्या वादकांना नव्हती. ते तेहेतीसची तबकडी सोळाच्या वेगावर लावत, त्याने गाणं अर्ध्या वेगात आणि एक सप्तक खाली उतरत असे, आणि तसल्या घोगऱ्या आवाजातून ते एकेक स्वर टिपत. कॅसेटच्या काळात टेपरेकॉर्डरची मोटर जरा इकडेतिकडे झाली की पट्टीच बदलायची. आजही काही जुनी ध्वनिमुद्रणं दोन पट्ट्यांच्या मधोमध येतात. बीटल्सच्या 'हिअर कम्स द सन'चा वेग मुद्रणानंतर किंचित वाढवलेला आहे, त्यामुळे ट्यूनरने अचूक लावलेली गिटार त्याच्याशी केसभर कमी पडते. असं झालं तर कानावर अविश्वास दाखवू नका. तारा गाण्याला मिळवून घ्या.

त्या काळातल्या स्टिरिओचा एक फायदा घ्या. १९६५च्या 'रबर सोल'च्या जुन्या स्टिरिओ मिश्रणात वाद्यं बरीचशी एका बाजूला आणि गळे दुसऱ्या बाजूला आहेत. एका कानातला इअरफोन काढला की गायक जवळजवळ नाहीसे होतात आणि गिटार समोर येऊन बसते. साठच्या दशकातल्या पुष्कळ ध्वनिमुद्रणांना ही युक्ती लागू पडते. एखादं वाद्य सापडतच नसेल तर आधी एकेका कानाने ऐकून पाहा.

दुसऱ्या-तिसऱ्या गाण्याला काही खोड्या भेटतील, त्या आधीच ओळखून ठेवा. गाणं नेहमी घरातून सुरू होत नाही. 'मिस्टर टॅम्बरीन मॅन' म वरच्या कॉर्डने सुरू होतं आणि नंतर सा वर येतं. पहिली कॉर्ड म्हणजे सा असं धरून चाललात तर पुढची सगळी नाती चुकतील. म्हणूनच सा शेवटावरून शोधायचा. दुसरी खोडी उतरत्या तळाची. सायमन आणि गारफंकेलच्याच १९६८च्या 'अमेरिका'त सुरुवातीला तळ पायरी पायरीने खाली येतो. नवशिका प्रत्येक पायरीला नवी कॉर्ड शोधत बसतो, पण वरचे स्वर फारसे हलतच नाहीत. अशा ठिकाणी वरची बोटं शक्य तितकी जागेवर ठेवून फक्त तळ बदलून पाहा. तिसरी खोडी घर दोन असल्यासारखं वाटण्याची. नील यंगच्या १९७२च्या 'हार्ट ऑफ गोल्ड'मध्ये ई मायनर आणि जी या दोघीही घरच्याच वाटतात. तिथे माउथ ऑर्गन मदतीला येतो. फोक-रॉकमधला माउथ ऑर्गन सहसा एकाच पट्टीचा असतो आणि या गाण्यातला जीचा आहे.

काही गाणी तुमच्या गिटारवर बसणारच नाहीत. जोनी मिचेलची पुष्कळ गाणी त्यातली. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिचा डावा हात अशक्त राहिला, म्हणून तिने तारा वेगवेगळ्या पद्धतीने लावून सोपे आकार शोधले आणि त्यातून जगात कुणाकडे नव्हत्या अशा कॉर्ड्स तिला मिळाल्या. गिटारच्या सर्वांत जाड मोकळ्या तारेपेक्षाही खालचा स्वर गिटारमधूनच ऐकू आला तर समजा, तारा वेगळ्या लावलेल्या आहेत. ही गाणी मनापासून ऐका, पण बसवायला आत्ता घेऊ नका.

बसवलेलं वहीत उतरवून ठेवा. ओळ, टाळीची जागा, तळाचा स्वर, कॉर्ड. जिथे खात्री नाही तिथे प्रश्नचिन्ह घाला आणि ते तसंच राहू द्या. चार दिवसांनी ताज्या कानाने ऐकलंत की त्यातली काही प्रश्नचिन्हं आपसूक सुटतात. हे सगळं झाल्यावर मग खुशाल इतरांचे कागद उघडा. आता तुम्ही ते वाचायला मोकळे आहात, कारण चुकीचं काय हे तुम्हाला कळेल. आणि चुका असतात. फुकट मिळणारे कागद एकमेकांवरून उतरवलेले असतात, एकाने कंटाळून सोडलेली कॉर्ड दहा जणांकडे सुटते. आवाज ऐकून आपोआप कॉर्ड सांगणारी ॲप्सही ए मायनर आणि सी मध्ये तशीच फसतात. तुमच्या वहीत एक आणि कागदावर दुसरं असेल, तर दोन्ही गाण्यासोबत वाजवून पाहा आणि कानाला निवडू द्या.

गिटार शिकवणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. क्लासच्या पहिल्याच दिवशी छापील कॉर्ड-तक्ते वाटले जातात, तिथून मुलांचे कान बंद पडायला लागतात. कॉर्डचे आकार जरूर शिकवा, त्यांच्यावाचून पुढे जाता येणार नाही. पण प्रत्येक तासाला दहा मिनिटं गिटार खाली ठेवून एकच गाणं ऐकवा आणि तळ बदलला की टाळी वाजवायला सांगा. ज्यांनी आजीबरोबर हरिपाठ म्हटला आहे, शाळेच्या पेटीवर प्रार्थना म्हटली आहे, ती मुलं यात लवकर पुढे जातात असं मला दिसलं आहे. त्यांच्या हातात कागद उशिरा द्या. पालकांनी 'अजून एकही गाणं येत नाही का?' असं विचारायची घाई करू नये. महिन्यात एक गाणं कानाने बसवणारं मूल वर्षभरात स्वतःच्या पायावर उभं राहतं.

पहिलं गाणं फारच जड वाटत असेल तर आणखी सोपी पायरी आहे. अमेरिका नावाच्या गटाचं 'अ हॉर्स विथ नो नेम' घ्या, ते जवळजवळ पूर्णपणे दोन कॉर्ड्सवर चालतं. पहिली ई मायनर. दुसरीत दोनच बोटं लागतात, पण ती कोणत्या तारांवर हे सांगत नाही, ते तुम्हीच शोधा. आणि 'साउंड ऑफ सायलेन्स' बसलं असेल तर पुढे बीटल्सचं 'नॉर्वेजियन वूड' घ्या. कॅपो दुसऱ्या फ्रेटला, आकार डीचा. जॉर्ज हॅरिसनची सतार त्यात वाजते, चालीत कोमल नी आहे आणि खमाज थाट ओळखणाऱ्याला पहिल्याच ओळीत ओळखीचं काही ऐकू येईल. मधल्या भागात मात्र ग कोमल होतो. तो नेमका कोणत्या ठोक्यावर कोमल होतो, तिथे टाळी वाजवून पाहा.